हिंदूराव तात्यांची सेकंडहँड मशीन

आमचे हिंदूराव तात्या कुठलीही वस्तू म्हशीसारखी विकत घेतात. पंखा असो नाहीतर मिक्सर, आधी तिच्याभोवती एक फेरी, मग पाठीवर थाप आणि मग सवाल, "पयल्या मालकानं का काढली?" नव्या वस्तूला पहिला मालकच नसतो, म्हणून तात्या नवी वस्तू घेतच नाहीत. वडील वडगावच्या बाजारात म्हशींची दलाली करायचे. त्या घरातला माणूस कॅमेऱ्याकडे कसा वळला, देव जाणे.

मंगळवार पेठेत आमच्या घराला लागूनच त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माझा जावळाचा फोटो तात्यांनी काढला, लग्नाचा अल्बमही त्यांनीच केला. मागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा, पुढे प्लॅस्टिकचं कमळ आणि तात्यांची आरोळी, "हनुवटी खाली! तालमीत न्हाय आलास!" काय दिवस होते ते! पुढे मोबाईल आले, स्टुडिओला कुलूप लागलं आणि लग्नांच्या निगेटिव्हच्या पेट्या तेवढ्या उरल्या.

गेल्या पावसाळ्यात त्या निगेटिव्हना बुरशी धरली. तात्यांनी होत्या नव्हत्या तेवढ्या स्कॅन करून आणल्या, तर एकेक फोटो इतका जड, की घरचा म्हातारा कॉम्प्युटर उघडता उघडताच मान टाकायचा.

"लोकांची लग्नं बघून तुम्हाला काय करायचंय?" मी वैतागून म्हणालो. "त्यातले निम्मे आता एकमेकांशी बोलत नाहीत."

"बघायची हायत. डोळं हायत तवर," एवढंच म्हणाले आणि मला गाडीवर बसवून राजारामपुरीत जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदारानं हौसेनं लाल-निळे दिवे लुकलुकणारी मशीन पुढे केली. तात्या उखडले. "शिंगं रंगवून म्हस तरणी हुती व्हय, पावणं? दुसरी काढा."

दुसरी काळी, साधी होती. तात्यांनी डब्याला कान लावला. "दम न्हाय लागत. कुणाची?"

"ऑफिसची आहे काका. नुसता हिशेब केलाय हिच्यावर."

"म्हंजे बसून खाल्लेली. फोटोचं ओझं वढंल काय?"

"सोळा जीबी रॅम आहे की!"

"त्ये तू सांगतोस. धार काढून दाखव."

आणि खिशातून पेनड्राईव्ह काढला. दुकानदारानं तो लावला, मी देवाचं नाव घेतलं. कुणाच्या तरी लग्नाचा फोटो क्षणात पडदाभर पसरला. तात्यांनी तो मोठा केला, उजळवला, डाग पुसून बघितला. मशीन कुठेही अडली नाही. मग पांढरंशुभ्र चित्र लावून पडदा पिवळा पडलाय का तेही तपासलं. मी म्हटलं, चला, सुटलो!

कसला सुटतोय! तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल दुकानदाराच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. त्या बिचाऱ्याला काय माहीत? तो "अहो काका, हात सोडा!" म्हणून ओरडला. मी शरमेनं मेलो. पण बोटं सुटली तेव्हा भाव उतरला होता, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली. गेलो, तर पडद्यावर नवरा-नवरी.

"छान दिसतायत," मी म्हणालो.

"त्यास्नी कोण बघतंय? हिकडं बघ."

फोटोच्या अगदी कडेला, पदर खोचून, दोन्ही हातांनी फोटोचा मोठा दिवा उचलून एक बाई उभी होती. उजेडानं डोळे बारीक झालेले, आणि तरी हसत होती.

"वळखलं न्हाईस? तुझी काकी की."

काकी जाऊन तीन वर्षं झाली. प्रत्येक लग्नात तात्यांचा दिवा धरायला त्याच असायच्या, हे मी विसरूनच गेलो होतो.

"दिवा जवळ धराय लागायचा, म्हून चौकटीत यायचीच ती," तात्या म्हणाले. "अन् छापताना मी कड कापायचो. समद्या गावाचं फोटो काढलं रं, हिला तेवढी कापत गेलो. घरात आधार कार्डावरचा सोडला तर एक फोटो न्हाय."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तात्यांनी माऊस धरला, काकींच्या भोवती सावकाश चौकट ओढली आणि नवरा-नवरी कापून टाकले.