दहा केळी

त्या संध्याकाळी भोंगा घरात शिरला, चपला काढल्या आणि हळू आवाजात म्हणाला, "आलो गं."

बायकोच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

भोंगा हे नाव त्याला सगळ्या बिल्डिंगने दिलेलं. उभी हयात पत्रा कापायच्या प्रेससमोर गेलेली. तिथे शेजाऱ्याला वेळ विचारायची म्हटली तरी गळा फाडावा लागे. त्यामुळे घरी त्याने मोजे मागितले, की तिसऱ्या मजल्यावरची माणसंही आपले मोजे शोधू लागत. पण आज कंपनीच्या डॉक्टरने त्याच्या कानामागे एक बारकं यंत्र बसवलं होतं, आणि स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकून भोंगा ओशाळला होता. यंत्र केसांखाली झाकलेलं होतं. बायकोला सांगायचं नाही, हे त्याने येतानाच ठरवलेलं. कान गेलेत हे कळलं, तर प्रेसवर काही होईल या काळजीने ती बिचारी झुरणीला लागेल.

नेहमीसारखी दहा केळी टेबलावर ठेवून तो हात धुवायला गेला. स्वयंपाकघरातून पुटपुटणं ऐकू आलं.

"आणली! पुन्हा दहा! माकड पाळलंय की काय मी घरात?"

भोंगा साबण धरून तसाच उभा राहिला. म्हणजे काय? रोज सकाळी दारात हीच तर सांगते! पुरतं ऐकू येत नसे, पण 'दहा' आणि 'आणा' एवढं नक्की कानावर पडे. 'दहा काय?' असं विचारलं, तर बिंग फुटणार. म्हणून त्याने आपल्या मनाने केळी ठरवली होती. ती काही बोलली नाही, म्हणजे बरोबरच असणार. आणि बायको बोलली नाही, कारण माणूस एवढ्या प्रेमाने आणतो, तर नको कसं म्हणायचं? ती केळी गुपचूप बिल्डिंगभर वाटत असे.

भोंगा हिरमुसून खुर्चीत बसला.

"बरं वाटत नाही का?" तिने विचारलं.

"छे गं," तो हळूच म्हणाला.

"कामावर काही झालं?"

"नाही गं." आणखी हळू.

आता मात्र तिने गॅस बंद केला. तिने गॅलरीत जाऊन भावाला फोन केला. भाऊ धावत आला, भोंग्यासमोर बसला आणि त्याच्याकडे बघत बहिणीशी बोलू लागला. भोंग्यादेखत भोंग्याबद्दल बोलायची या घरात जुनी सोय होती.

"चेहरा बघ ना. नोकरी गेलीय."

"नोकरी गेली असती तर ओरडले असते रे. हे दुखणं आहे. मोठं."

"विमा वगैरे काढलाय का त्यांनी?"

"अरे, मेलो नाही मी अजून!" भोंगा गरजला. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडू लागलं.

म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं! बायको जवळ आली. तिने त्याच्या कानावरचे केस बाजूला केले आणि यंत्र पाहिलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला कळलं असतं ना, मला ऐकू येत नाही ते."

"अहो, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे!" ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. भावाने सुटकेचा निःश्वास टाकून एक केळं सोललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा डबा घेऊन निघाला. दार लावता लावता सवयीने ती पुटपुटली, "दहाही बोटं घरी आणा हं."

भोंगा जिन्यातच थांबला. त्याच्या कारखान्यातल्या दोघांची बोटं प्रेसने नेली होती. घरी त्याने तो विषय कधी काढला नव्हता, पण तिला सगळं ठाऊक होतं. निघताना त्याच्या जिवाला घोर नको, म्हणून ती इतकी वर्षं त्याला ऐकू जाणार नाही अशाच आवाजात हे सांगत आली होती.

तिच्याही लक्षात आलं. ती दाराआड झाली.

"हो, आणतो," तो म्हणाला. रोजचंच उत्तर, पण आज नीट ऐकून दिलेलं.

"आणि केळी आणलीत तर बघा!" दाराआडून आवाज आला.

संध्याकाळी भोंगा रिकाम्या हातांनी घरी आला. टेबलापाशी बसून त्याने दोन्ही पंजे तिच्यासमोर पसरले.

"घे, मोजून घे."

तिने एकेका बोटाला हात लावत खरंच मोजली. मध्येच चुकली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली.