हवालदारांची नजर

दुसऱ्या लढाईच्या दिवसांत मी उंब्रजजवळच्या एका गावात मास्तर होतो. माझे शेजारी गणपत हवालदार रोज सकाळी स्वतःच्या नजरेची मोजणी करत. तीही सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी.

अंगणातल्या दगडावर ताठ बसायचं आणि समोर गोठ्याच्या खांबावर डोळे रोखायचे. उजव्या खांद्याशी तुळस होती. तिथून त्यांची बायको, सगुणाकाकू, तांबडं फडकं बांधलेली काठी धरून हळूहळू खांबाकडे निघत. फडकं डोळ्याच्या कडेला दिसलं की हवालदार ओरडत, "हाल्ट!" कोंबड्यासुद्धा थबकत. काकू तिथं खुंटी ठोकत. खुंटी जितकी तुळशीजवळ, तितकी नजर रुंद. मग रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही अडवून हवालदार सांगत, "कालच्यापरीस चार बोटं जास्त! रिपोट एक नंबर!"

पहिल्या लढाईत बसऱ्याला गोळ्या चुकवून आलेला हा माणूस, म्हातारपणी काचबिंदूला सापडला. समोरचं दिसे, बाजूचं गायब. पंगतीत ते शेजारच्या पानातली भजी उचलत. ते काचबिंदूमुळे की आवडीमुळे, हे मला कधी कळलं नाही.

सांगलीला ऑपरेशन झालं. "डाक्टरनं डोळ्याला मोरी काढली," असं ते सांगत, आणि ते फारसं चूक नव्हतं. आत कोंडलेल्या पाण्याला वाट मिळाली, दाब उतरला. पुढे तपासणीला मी सोबत गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड पाडून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "दाबामुळं मागच्या नसेला खड्डा पडला होता, तो थोडा भरून आलाय. पण नसेचे वाळलेले तंतू पुन्हा जिवंत होत नाहीत. आहे ती नजर टिकली तरी मिळवलं."

यातलं पहिलं वाक्य तेवढं हवालदारांनी गावात आणलं. "खड्डा भरला! आता समदं दिसनार!" मी काकूंना पुढचं सांगायला तोंड उघडलं, तर हवालदारांनी "मास्तर, अटेन्शन!" असा दम भरला. मला राग आला. बाईला खोटी आशा कशाला लावायची?

कारण काकूंनी देवाला बोलून ठेवलं होतं, यांची नजर पहिल्यासारखी होईपर्यंत पायात वहाण घालणार नाही. उसाच्या फडात, खोडक्यांतून त्या अनवाणी हिंडत. टाचांना भेगा पडून रक्त येई. हवालदारांनी कराडहून आणलेल्या नव्या वहाणा दाराआड तशाच पडून होत्या. "खुंटी तुळशीला लागली की घालीन," काकू म्हणत.

एकदा काकू बाजाराला गेल्या होत्या. "आज काठी तुमी धरा," हवालदार मला म्हणाले. अंगण नुकतंच सारवलेलं, म्हणून मी वहाणा काढून तुळशीपासून निघालो. कालची खुंटी गेली, परवाची गेली. अगदी पहिल्या दिवशीच्या खुंटीपाशी पोचलो तेव्हा आवाज आला, "हाल्ट."

"हवालदार," मी म्हणालो, "नजर तसूभरही वाढलेली नाही."

"वाढायची न्हाईच. डाक्टर बोलला की."

"मग रोज काकूंना कसं थांबवता?"

"तिच्या बांगड्या वाजत्यात." ते मान खाली घालून बसले. "मास्तर, तिच्या टाचा बघितल्या का? मी सांगून ती ऐकायची न्हाई. नजर आली म्हटल्याबिगर पायात घालायची न्हाई."

"आणि देवाला काय सांगाल?"

"देवाचं मी बघतो. पलटणीत लय रिपोट दिल्यात असलं."

त्यानंतर मी काकूंपुढे तोंड उघडलं नाही. पंधरा दिवसांनी खुंटी तुळशीच्या कट्ट्याला टेकली. साक्षीला मला बोलावलं होतं. मी खुंटी वाकून पाहिली आणि म्हणालो, "बरोबर आहे." शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी उभं करत असे, ते तेव्हा आठवलंच नाही.

काकूंनी देवाला हात जोडले, वहाणा घातल्या आणि लाजत लाजत तुळशीपाशी दोन फेऱ्या मारल्या. नवं कातडं करकर वाजत होतं. हवालदारांनी मान वळवली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"आवं, दिसत्यात का?" काकूंनी मागून विचारलं.

"लय झ्याक दिसत्यात," हवालदार म्हणाले. "आनखी एक फेरी मार."