कायद्याने न ऐकलेला होकार

मिरामोंदने भर नगरभवनात, अख्ख्या गावासमोर, गिलेमशी लग्न करायला होकार दिला. होकार दिला म्हणूनच लग्न अडलं.

फ्रान्सच्या दक्षिणेला, गॅस्कनीत, 'हो'ला 'ऑक' म्हणतात. तिच्या आईने लग्नात तेच म्हटलं होतं, पणजीनेही. पण राजाचं डोकं उडवल्यावर पॅरिसच्या नव्या सरकारच्या लक्षात आलं की देश एक असेल तर भाषाही एकच हवी, आणि ती एक भाषा, योगायोगाने, पॅरिसचीच निघाली.

विवाह नोंदणारा फ्लोरिमों याने लेखणी खाली ठेवली. प्रजासत्ताकाच्या भाषेत असा शब्द नाही, तिथे 'वी' म्हणतात, असं त्याने गंभीरपणे कळवलं.

"अहो, हो म्हणाली ती," गिलेम म्हणाला. "तुम्ही याच गावचे ना? ऐकलंत की."

"मी ऐकलं, नागरिक. कायद्याने नाही ऐकलं."

गिलेमचा चेहरा उतरला. महिनाअखेरीस सैन्यभरतीची तुकडी यायची होती, आणि ती आधी बिनलग्नाच्यांना उचलणार होती. मिरामोंद मात्र रडत बसली नाही. ती भाषा शिकवणार कधी, एवढंच तिने फ्लोरिमोंला विचारलं.

फ्रेंचचा वर्ग सुरू झाल्याची सूचना फ्रेंचमध्ये लागली, त्यामुळे वर्गाला कोणी आलं नाही. मग फ्लोरिमोंने घरोघर फिरून, गॅस्कन बोलायला बंदी असल्याचं सगळ्यांना गॅस्कनमध्ये समजावलं. हा सरळसरळ गुन्हा होता. त्याने स्वतःविरुद्ध तक्रार घेतली, स्वतःची सुनावणी केली आणि पहिलीच खेप म्हणून स्वतःला ताकीद देऊन सोडलं.

मिरामोंद जिद्दीने शिकली. बदकं हाकताना, कोबीचं सार ढवळताना घोकत राहिली. एकदा तिने विचारलं, शब्दाच्या शेवटची अक्षरं वाचायचीच नाहीत तर लिहायची कशाला? फ्लोरिमों म्हणाला, ती पूर्वी बोलायची. आता निवृत्त झालीत, पण जागा सोडत नाहीत.

लग्नाच्या दुसऱ्या खेपेला पॅरिसहून तपासनीस आला होता. लग्नाला स्वखुशीने कोण उभं आहे, असं विचारताच मिरामोंद ठसक्यात म्हणाली, "म्वे." म्हणजे 'मी'.

तपासनीस पांढराफटक पडला. 'म्वे' हा राजाचा उच्चार. पॅरिसमध्ये आता 'म्वा' म्हणायचं ठरलं होतं. कालपर्यंत 'म्वा' म्हणणारा गावंढळ होता. आज 'म्वे' म्हणणारा देशद्रोही. आणि इथे तर फ्लोरिमोंने जुन्या वळणाने शिकवलेलं अख्खं गाव राजाच्या तोंडाने बोलत होतं. हा कट असल्याचं त्याने जाहीर केलं आणि लग्न पुन्हा थांबवलं.

तेवढ्यात बाहेर भरतीचा नगारा वाजला. गिलेमने मिरामोंदकडे पाहिलं. मिरामोंदने तपासनिसाकडे.

"चुकलंच माझं, नागरिक," ती अदबीने म्हणाली. "नवरीचं वाक्य एकदा तुम्हीच म्हणून दाखवता का? तुमच्यासारखं आम्हाला कुठलं जमायला."

तपासनीस खुलला. टाचा जुळवून, गिलेमकडे वळून, त्याने निर्मळ पॅरिसी उच्चारात सांगितलं की, समोरच्या या पुरुषाचा मी स्वखुशीने पती म्हणून स्वीकार करते. वी.

फ्लोरिमोंने ते तत्परतेने, तपासनिसाच्या नावानिशी लिहून घेतलं. शुद्ध भाषेत, साक्षीदारांदेखत दिलेला होकार होता; या वेळी कायद्याने नीट ऐकला होता. गिलेम लाजून खाली बघू लागला.

"खोडा ते," तपासनीस कसाबसा म्हणाला.

"खाडाखोड चालत नाही, नागरिक. शुद्धलेखनाची चूक तेवढी दुरुस्त करता येते."

तेव्हा तपासनिसाच्या नावातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त होऊन तिथे 'मिरामोंद' असं आलं. फ्रेंचमध्ये लिहायचं एक आणि वाचायचं दुसरं, याला कोणाचीच हरकत नव्हती. भरतीवाले हात हलवत परत गेले आणि गावाने रात्री बदकाच्या मांसावर ताव मारत, नाचत-गात, सर्वस्वी बेकायदा भाषेत मेजवानी केली.

पुढे मिरामोंदला मुलगी झाली. पोर घरातली गॅस्कन बोलू लागली, की मिरामोंद तिला दटावायची: चारचौघांत असं बोलू नये. पोर शहाणी निघाली. गॅस्कनखेरीज काही न येणाऱ्या आजीशी ती आता खुणांनी बोलते. आल्यागेल्याला मिरामोंद तक्रारीच्या सुरात, पण डोळ्यांत कौतुक घेऊन सांगते, "काय करायचं हो, आमच्या हिला आपली भाषा येतच नाही."

आणि ऐकणाऱ्या बाया घरी जाऊन अजून गॅस्कनच बोलणाऱ्या आपापल्या पोरांकडे जरा नाराजीनेच बघतात.