बिनपट्ट्याच्या दहा जणी

लेंडी मास्तरांनी मोठ्या सरांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की या खेपेला जंताचं एक अंडंसुद्धा आपल्या नजरेतून सुटणार नाही.

लेंडी मास्तर हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. पण जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं कंत्राटावर राहून, मेंढ्यांच्या लेंड्या कुटून, गाळून, काचेवर पसरून त्यातली अंडी मोजणाऱ्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय? बायकोसुद्धा रागावली की हेच म्हणायची. पण आता दिवस फिरणार होते. सरांनी शब्द दिला होता. या चाचणीचा अहवाल वेळेत आणि नीट आला, तर मास्तर कायम. नाही आला, तर कंत्राट संपलं, टेबल रिकामं करायचं.

चाचणी तशी सरळ होती. जंतांवरची तीन औषधं, चाळीस मेंढ्या. दहा जणींच्या पाठीवर लाल पट्टा, त्यांना पहिलं औषध. दहांना निळा पट्टा आणि दुसरं. दहांना पिवळा आणि तिसरं. उरलेल्या दहांना पट्टा नाही आणि औषधही नाही, त्या नुसत्या तुलनेला. चौदा दिवसांनी सगळ्यांच्या लेंड्या तपासल्या की कळतं, कुठलं औषध जंतांना मारतं आणि कुठलं नुसत्या गुदगुल्या करतं.

प्रयोगाला मेंढ्या द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा मास्तरांनी सासूबाईंच्या कळपावर नजर वळवली. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. नवरा गेल्यावर तीन मुली आणि तो कळप त्यांनी एकटीने वाढवला होता, आणि दोन्हींत त्या फारसा फरक करत नसत.

चौदा दिवस झाले. मास्तरांनी हातमोजा चढवला, चाळीस मेंढ्यांच्या मागे चाळीस वेळा बोट घातलं आणि चाळीस डब्या भरल्या. एकीने लाथ झाडून चष्मा चेपला, तो दोऱ्याने बांधून मास्तर तीन दिवस सूक्ष्मदर्शकाला चिकटून बसले. लाल पट्टेवाल्यांच्या पोटात जंत मजेत होते. निळ्यांच्या पोटात त्याहून मजेत. पिवळ्यांच्यात जरा गर्दी कमी, पण वस्ती उठली म्हणावी असं काही नव्हतं.

आणि बिनपट्ट्याच्या दहा जणी? एक अंडं नाही. मास्तरांनी काच पुसली, भिंग पुसलं, चष्मा पुसला, शेवटी तोंडही पुसलं आणि पुन्हा मोजलं. शून्य. दहाच्या दहा शून्य.

मोठ्या सरांनी तो तक्ता उलटसुलट करून पाहिला. त्यांचं ओरडणं मास्तरांच्या अंगवळणी पडलं होतं. पण या वेळी ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे सगळ्यात गुणकारी औषध म्हणजे औषध न देणं. हे मी वर कळवू का मास्तर?"

मास्तर तिथून उठले ते तडक सासूबाईंकडे. त्या दहांना कोणी काही पाजलं का, असं त्यांनी भीत भीत विचारलं.

"मीच पाजलं की," सासूबाई म्हणाल्या. "तुमची पाठ वळली आणि त्या दहा जणी कुंपणाला तोंड लावून उभ्या राहिल्या. बघवेना मला. जावईबापू, मी तीन मुली वाढवल्या. दोघींना दिलं आणि तिसरीला तोंडाकडे बघत ठेवलं, असं या घरात कधी झालं नाही."

"पण आई, कुठलं औषध पाजलंत?"

"तिन्ही. बाटल्या इथेच विसरला होतात ना तुम्ही. एका भांड्यात ओतलं आणि पाजलं. आधीच बिचाऱ्या डावललेल्या, त्यात हात कशाला आखडता घ्यायचा?"

मास्तरांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. एकेकटं औषध जंतांपुढे हात टेकतं, पण तिघं मिळून गेली तर मैदान साफ! सरांना सांगितलं, तर तेही खुर्चीत ताठ झाले. शोध खरा आहे म्हणाले, पण असा ओतीव नको. मोजूनमापून करा, आणि तुलनेला दहा मेंढ्या बिनऔषधाच्या पाहिजेतच. अहवालाला तीन आठवडे होते. जंतवाल्या तीस मेंढ्या अजून शाबूत होत्या. वीस जणींना मिश्रण, दहांना काही नाही.

पण सासूबाईंसमोर दहांना काही नाही, हे कसं जमायचं? मास्तर अकरा वर्षं नुसत्या लेंड्याच कुटत नव्हते. त्यांनी एका बाटलीत पाणी भरलं, दुधाळ दिसावं म्हणून चार थेंब दूध टाकलं आणि वर चिठ्ठीही चिकटवली. सासूबाई एकेकीचा जबडा धरून उभ्या, मास्तर पाजतायत, तीसही जणींना समान न्याय. निघताना मास्तरांनी सगळ्या बाटल्या दोनदा तपासून पिशवीत भरल्या. रात्री कित्येक दिवसांनी झोप लागली.

चौदा दिवसांनी वीस जणींच्या काचा पाहिल्या. शून्य. मास्तर चक्क गुणगुणायला लागले. मग पाणीवाल्यांतली पहिली काच घेतली. शून्य. दुसरी शून्य. सहाव्या काचेला गुणगुणणं थांबलं. दहाव्या काचेला मास्तरांनी डोकं टेबलावर टेकलं. अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

सासूबाई त्यांची वाटच बघत होत्या. त्यांनी मास्तरांना आत घेतलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"मला वाटलंच तुम्ही येणार. अहो, गडबडीत तुम्ही दहा जणींना नुसतं पाणीच पाजलंत. माझ्या बोटावर सांडलं, चाखून बघितलं तेव्हा कळलं. पण घाबरू नका. मागचं मिश्रण उरलं होतं माझ्याकडे, त्याच संध्याकाळी पाजून टाकलं."

सासूबाईंनी मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे, कळत नाही का मला? कुणाला बोलले नाही मी. लेकीलासुद्धा नाही."