पोटाला चिमटा

सरांचा फायदा सरळ होता. पथकातल्या प्रत्येकाच्या अंगावरची चरबी मर्यादेत भरली, की फुटबॉल संघ परदेशी आणि प्रशिक्षक म्हणून सर विमानात खिडकीशी. नाहीतर त्यांच्या जागेवर सहायक बॅग भरून टपलेलाच होता. अडचण एकच, पोरं जाड होत चालली होती!

चरबी मोजायचा चिमटा खोटं बोलत नाही, असं सरांचं मत. पोटाची कातडी त्यात धरायची आणि काट्यावर जाडी वाचायची. सहायक त्यात फेरफार करील म्हणून सर तो रोज घरी नेत.

"काय चरतोस रे चोरून?" त्यांनी कप्तानाला धरलं.

"उकडलेल्या भाज्या, सर. आईशप्पथ!"

"आईला मध्ये आणू नकोस. पिशवी उघड."

पिशवीत केक निघाला.

"भाच्याचा वाढदिवस आहे, सर."

"भाच्याच्या नावावर मामाची चंगळ!"

केक जप्त झाला. मग संशयाला पाय फुटले. रोज झडती, आज गोलरक्षकाचे खारे दाणे, उद्या कुणाची चॉकलेटं. माल कपाटात ठेवावा तर पोरं कुलूप फोडतील, फेकावा तर अन्नाचा अपमान. सरांनी तो कर्तव्यबुद्धीने पोटात ठेवला. पोरांचा काटा तरी चढताच. शेवटी पोरांचं जेवण अर्ध्यावर आणलं.

तपासणीच्या सकाळी चिमटा जागेवर नव्हता.

"सहायकानं घरात येऊन डाव साधला!"

"कसला डाव? दोरीवर आहे तो," बायको म्हणाली. "रात्री वाळत घातलेली रजई उडते म्हणून लावते. रोज तुम्ही उठायच्या आत परत ठेवते, आज तुम्हीच लवकर उठलात. आधी काय घट्ट होता, आता मेला धरतच नाही. नवा आणा हो एक."

सरांनी चिमटा दाबून पाहिला. स्प्रिंग ढिली, म्हणून कातडी दबत नव्हती, म्हणून जाडी जास्त दिसत होती. पोरं जाड नव्हतीच!

तपासणीला आलेल्या डॉक्टरांचा चिमटा कोरा करकरीत होता. सगळी पोरं मोजून ते म्हणाले, "अहो, यांना जरा खायला घाला."

सरांचा जीव भांड्यात पडला.

"आता तुम्ही. शर्ट वर घ्या."

"मी? मी प्रशिक्षक आहे!"

"पथकातला प्रत्येक जण, असा नियम आहे."

चिमटा उघडायचा तेवढा उघडला आणि अपुरा पडला.

"डॉक्टर," कप्तान नम्रपणे म्हणाला, "त्यातला केक माझ्या भाच्याचा आहे."

खिडकीशी सहायक बसला. पोटाला चिमटा पोरांनी घेतला, वाढदिवस भाच्याचा बुडाला, विमान सरांचं चुकलं. फायद्यात राहिली ती रजई. एकदाही दोरीवरून उडाली नाही.