नकाशेरावांची सुट्टी

"एक दिवस? अगं, तू म्हणशील तर महिनाभर रेडिओला हात लावणार नाही!" नकाशेरावांनी गुरुवारी संध्याकाळी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. बायकोने वर न बघता भाजी निवडणं चालू ठेवलं. हे आश्वासन तिने आजवर इतक्या वेळा ऐकलं होतं, की तिला पुढचे शब्द आधीच ऐकू यायचे.

नकाशेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ते कॉलनीने ठेवलेलं. दिवसा ते लिफ्टच्या कंपनीत प्रोग्राम लिहायचे आणि उरलेला सगळा जीव हौशी रेडिओवर. ही हौशी मंडळी रीतसर परीक्षा देऊन परवाना काढतात, गच्चीवर उंच काठ्या उभारतात आणि मग तासन्‌तास हवेतून एकमेकांना विचारतात, की माझा आवाज येतोय का. येतोय असं उत्तर मिळालं की त्यांचा दिवस सत्कारणी लागतो.

गेले आठ महिने नकाशेराव या मंडळींसाठी एक मोबाइल ॲप बनवत होते. फोन छोट्या रेडिओ सेटला जोडायचा, की सेट दर मिनिटाला हवेत हाळी देतो, मी अमका, मी इथे आहे. ती हाळी इतरांचे सेट पकडतात आणि त्यांच्या नकाशावर तुमचा ठिपका उमटतो. ठिपक्यासोबत तुमची अवस्थाही जाते. कामावर, परतीच्या वाटेवर, सुट्टीवर किंवा आणीबाणी, यांपैकी जी असेल ती. ही अवस्था शून्य आणि एकच्या तीन आकड्यांत कशी लिहायची, ते नियमांच्या पुस्तकात बावन्नाव्या पानावर दिलं होतं. नकाशेरावांनी एक्कावन्न पानं मन लावून वाचली. पुढे त्यांना दम निघेना. तीन शून्यं म्हणजे काहीच चाललेलं नाही, म्हणजे सुट्टी, यात वाचायचं काय आहे, असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं.

आता हा एक दिवस कशाला हवा होता, तर मुलीने लग्न ठरवलं होतं. म्हणजे तिचं आणि त्या मुलाचं ठरलं होतं, दोन्ही घरांचं ठरायचं होतं. मुलाची आई शाळेत मुख्याध्यापिका. मुलीने बापाला समोर बसवून बजावलं, "बाबा, मी त्यांना आवडलेय. पण घरची माणसं बघितल्याशिवाय त्या हो म्हणणार नाहीत. दोन तास फक्त. रेडिओ नाही, नकाशा नाही, लहरी नाहीत. माझ्यासाठी." तिचे डोळे भरून आलेले बघून नकाशेरावांना गलबलून आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं, आणि ते मनापासून कबूल केलं होतं.

पण रविवारी सकाळी गाडी काढताना त्यांची नुसती तगमग व्हायला लागली. कालच ॲप पूर्ण झालेलं, हौशी मंडळी आपापल्या जुन्या सेटच्या नकाशांवर त्याचा पहिला ठिपका बघायला बसलेली, आणि आज आपलाच ठिपका कुठे नाही! हात लावणार नाही असं म्हटलंय, त्यांनी स्वतःला समजावलं, ते आपोआप चालत असेल तर हात लागतोच कुठे? त्यांनी फोन आणि सेट मागच्या काचेजवळ छत्रीखाली सरकवला. आजच्या दिवसाचा मान राखायचा म्हणून अवस्था मात्र प्रामाणिकपणे 'सुट्टीवर' ठेवली.

भेट तळ्याकाठच्या बागेतल्या उपाहारगृहात होती. मुख्याध्यापिका ताठ बसल्या होत्या, शेजारी त्यांचे यजमान मिळेल त्या गोष्टीवर हसत होते, मुलगा आणि मुलगी एकमेकांकडे न बघण्याचा आटापिटा करत होते. बाईंनी हल्लीची माणसं जेवतानाही फोन सोडत नाहीत अशी तक्रार केली. नकाशेरावांच्या बायकोने संधी साधली. "यांनी आज फोन बरोबर आणलाच नाही," ती अभिमानाने म्हणाली. बाईंनी नकाशेरावांकडे पहिल्यांदा बरं तोंड करून पाहिलं.

ठिपका दिसत असेल का, ढगांमुळे अडत नसेल ना, या विचाराने नकाशेरावांचा पाय हलायला लागला. पायाने टेबल हललं, टेबलाने कप. गाडीची काच उघडी राहिली का बघून येतो म्हणून ते उठले, तर बायकोने डोळ्यांनीच खाली बसवलं. पाच मिनिटांनी ते दिवा चालू राहिला का बघायला उठले. त्यांना पुन्हा बसवण्यात आलं. व्याही हसले.

एवढ्यात फाटकातून एक गाडी सुसाट आत शिरली. टपावर हातभर लांब एरियल. नकाशेरावांनी चेहरा ओळखला नाही, पण एरियल बघून ते खुर्चीत घसरले. गाडीतून एक दंतवैद्य उतरले, गळ्यात अजून जेवणाचा रुमाल. मागोमाग पिठाच्या हातांनी एक बेकरीवाला आला. मग आणखी दोन गाड्या, एक स्कूटर, आणि शेवटी दोर नि स्ट्रेचर घेऊन एक म्हातारे तारमास्तर. तारखातं बंद झाल्यापासून आपली कुणाला गरज लागेल याची ते वाट बघत होते. सगळी फौज नकाशेरावांच्या रिकाम्या गाडीला वेढा घालून उभी राहिली, आणि मग एकाने तळ्याकडे बोट दाखवलं.

"काहीतरी झालेलं दिसतंय," असं म्हणत मुख्याध्यापिका उठल्या. त्या उठल्या म्हणजे सगळ्यांना उठावंच लागलं. नकाशेराव सर्वांत मागे, बायकोच्या आड.

काठावर चौदा माणसं जमली होती. बाईंनी पदर खोचला आणि प्रार्थनेची घंटा झाल्यासारखी त्यांची ओळ लावली. मग तारमास्तरांना विचारलं, "कोण बुडालंय?"

"आमचा एक माणूस. अर्धा तास झाला, इथून आणीबाणीची खूण देतोय. बारा वेळा रेडिओवर हाक मारली, उत्तर नाही."

"दिसतो कसा?"

"पाहिलेला नाही कधी."

"नाव?"

"परवान्याचा नंबर सांगतो."

"अहो, मग सापडला तर ओळखणार कसे?"

"आवाजावरून," तारमास्तर म्हणाले. "नऊ वर्षं रोज सकाळी बोलतोय त्याच्याशी. भला माणूस होता हो."

होता! नकाशेरावांनी बायकोच्या आडून मान बाहेर काढली. बेकरीवाल्याने शर्ट काढला होता आणि तो खरोखरच पाण्यात उतरत होता. व्याही चपला काढत होते. मुलीने मागे वळून बापाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती नुसती बघत राहिली. त्या नजरेपेक्षा तळं परवडलं असतं.

"थांबा," नकाशेराव म्हणाले. "मी... मीच आहे तो."

तारमास्तर गर्रकन वळले. "हाच!" ते ओरडले. "हाच आवाज!" आणि त्यांनी नकाशेरावांना कडकडून मिठी मारली. दंतवैद्यांनी नाडी बघितली. मग मुख्याध्यापिका समोर येऊन उभ्या राहिल्या आणि काय ते पहिल्यापासून सांगा म्हणाल्या. नकाशेरावांनी छत्रीपासून शून्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. ते बोलत असतानाच दंतवैद्यांनी गाडीतून नियमांचं पुस्तक आणलं आणि बावन्नावं पान उघडून धरलं. तीन एक म्हणजे सुट्टी. तीन शून्यं म्हणजे आणीबाणी.

"पण माझ्या फोनवर मी कितीदा तपासलं होतं," नकाशेराव पुटपुटले.

"पाठवणारा फोनही तुमचा आणि वाचणाराही तुमचाच," बाई म्हणाल्या. "म्हणजे स्वतःचा पेपर स्वतःच तपासलात."

तारमास्तरांचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे," त्यांनी स्ट्रेचरकडे बघत विचारलं, "कुणालाच काही झालेलं नाही?" त्यांना इतकं वाईट वाटलं, की नकाशेरावांना बेशुद्ध पडावंसं वाटलं.

बायको पदराशी चाळा करत उभी होती. लग्न तळ्यात गेलं, हे नकाशेरावांनी मनाशी मान्य केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा पाय हलत नव्हता.

मुख्याध्यापिकांनी चौदाजणांच्या ओळीवरून एकदा नजर फिरवली. रुमाल, पीठ, ओली विजार. "यांचं ऑपरेशन झालं तेव्हा," त्या यजमानांकडे बघून म्हणाल्या, "सख्खा भाऊ चौथ्या दिवशी आला होता. फळं घेऊन." मग वेटरला हाक मारून चौदा चहा जास्तीचे सांगितले, आणि मुलीला जवळ बोलावून तिचा हात हातात घेतला. "तुझे वडील धांदरट आहेत. पण माणसं राखून आहेत. माझी हरकत नाही."

परतताना गाडीत मुलगी मागच्या सीटवर हसत-रडत होती. बायको मात्र गप्प. अखेर नकाशेरावांनीच विचारलं, की रागावलीस का.

"रागावले नाही," ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "मोजत होते. कधी तोंड न पाहिलेली चौदा माणसं अर्ध्या तासात आली. मी स्वयंपाकघरातून हाक मारते तर तुम्हाला चार खोल्या ओलांडायला पाऊण तास लागतो."

यावर नकाशेराव लहरी, अंतर, मधल्या भिंती असं काहीबाही सांगत राहिले.

सोमवारी संध्याकाळी ते चूक दुरुस्त करायला बसले होते, इतक्यात स्वयंपाकघरातून "अहो!" असं ऐकू आलं. नकाशेरावांनी खुर्ची उलटवली, वायरमध्ये पाय अडकवला, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला आणि धापा टाकत ओट्यासमोर जाऊन उभे राहिले. बायकोने घड्याळाकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. चाचणी होती."

त्या दिवशी रात्री झोपेपर्यंत आणखी सहा चाचण्या झाल्या.