मुकादमानं नात सांभाळली

जरा इकडे सावलीत सरका आणि मी सांगतो ते नीट ऐका, कारण ही गोष्ट सगळीकडे उलटीसुलटी पसरली आहे. कुणी म्हणतं मुकादम नातीला घेऊन पळाला. कुणी म्हणतं सुनेनं सासऱ्याला खोक्यात भरून कुरिअरनं पाठवला. दोन्ही खोटं. खरं काय ते मला खुद्द मुकादमानं सांगितलंय, आणि सांगताना तो इतका तापला होता की टकलावर पाणी शिंपडलं असतं तर चुर्र वाजलं असतं.

मुकादम म्हणजे काचसामानाच्या गोदामातला पॅकिंगचा मुकादम. चाळीस वर्षं पेले, बरण्या, आरसे, झुंबरं खोक्यात भरली. हाताखाली वीस माणसं. त्याच्या हातचा खोका जिन्यावरून गडगडत खाली गेला तरी आत पेल्याला पेला लागायचा नाही. रिटायर होऊन वर्ष झालं, पण हात काही रिटायर झाले नाहीत. घरात साखरेचा डबा उघडा दिसला तरी शिवशिवतात.

घरात माणसं मोजकी. सूनबाई, नात आणि हा. मुलगा परगावी नोकरीला. नात तेरा महिन्यांची, नुसते गालच गाल, म्हणून तिला सगळे ढब्बू म्हणतात. सूनबाई वर्षभर घरी होती, आता सोमवारपासून तिचं विमा कंपनीचं ऑफिस पुन्हा सुरू होणार. ढब्बूसाठी तिनं पाळणाघर बघून ठेवलेलं. इथे मुकादम पेटला.

"घरात धडधाकट आजा असताना पोर पाळणाघरात? लोक काय म्हणतील, हा काय करतो दिवसभर?"

"बाबा, लोकांचं जाऊ द्या. तुम्हाला झेपेल का?"

"मी वीस माणसं सांभाळली."

"ती चालत्याबोलत्या वयाची होती."

"तुला काय माहीत ती कशी होती."

शेवटी ठरलं. शुक्रवारी सूनबाई कागदपत्रं करायला ऑफिसात जाणार, नऊ ते एक. तेवढा वेळ मुकादमानं ढब्बूला सांभाळायचं. नीट पार पडलं तर पाळणाघर रद्द. नाही तर सोमवारी ढब्बू तिकडे.

"म्हणजे माझी परीक्षा," मुकादम म्हणाला.

"परीक्षा कसली हो, बघू म्हणतेय."

"बघू म्हणजेच परीक्षा."

आता एक गोष्ट तो बोलला नाही, ती मी सांगतो. त्याची बायको जाऊन तीन वर्षं झाली. ढब्बू पाळणाघरात गेली की दिवसभर त्या घरात तो आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यात घड्याळ कमी कुरकुरतं. म्हणून त्याला ती पोर घरात हवी होती. पण तोंडानं कबूल करेल तर तो मुकादम कसला.

शुक्रवारी सकाळी सूनबाईनं फ्रीजवर कागद चिकटवला. मथळा: 'ढब्बूशी काय काय खेळायचं'. खाली ओळीनं: बुवा-कुक करणे. चेंडू घरंगळत देणे. डबे एकावर एक रचणे. पुस्तकातले प्राणी दाखवून आवाज काढणे. नाक-कान-डोळे दाखवणे. वस्तू खोक्यात टाकणे आणि काढणे.

मुकादमानं चष्मा लावून कागद वाचला आणि त्याचं डोकंच फिरलं. "लेकराशी खेळायला छापील नियम? आम्ही काय खेळलोच नाही का पोरांशी?"

"हे तुमचे चिरंजीव म्हणतात, त्यांना आठवतच नाही तुम्ही खेळल्याचं."

"त्याला काय आठवतंय. शाळेचे पाढे तरी कुठे आठवले."

सूनबाई दारात थांबली. "दर तासाला फोन करीन. पहिल्या रिंगला उचलायचा. आणि कुरिअरवाला येईल. ढब्बूचे बूट लहान झाले, ते परत पाठवायचेत. त्याला खोका द्या. दाराशीच ठेवलाय. आणि बाहेर गेलात तर किल्ली घ्या, दार आपोआप लॉक होतं."

"जा तू. तुला उशीर होतोय."

सूनबाई गेली. मुकादम बाह्या सरसावून जमिनीवर बसला. बसताना गुडघ्यांनी दोन बार काढले, ढब्बू दचकली आणि मग खूश झाली. पुन्हा कर म्हणून गुडघ्यावर थापटायला लागली.

बुवा-कुक झालं. ढब्बू प्रत्येक वेळी अशी हसायची जणू आजोबा परदेशातून परत आलाय. दहा वेळा मुकादमालाही मजा वाटली. चाळीसाव्या वेळी टॉवेलच्या आत एक डुलकी लागली.

चेंडू दिला. ढब्बूनं तो परत दिला नाही, चाटला. मुकादमानं समजावलं, की बाई, दिला तर परत द्यायचा असतो. तिनं सोफ्याखाली घातला.

मग डब्यांची पाळी. आता थप्पी लावणं म्हणजे मुकादमाचा धर्म. स्वयंपाकघरातले प्लॅस्टिकचे सात डबे त्यानं असे रचले की बाजूनं दोरी सोडली असती तरी सरळ आली असती. एक पाऊल मागे सरकून बघतो न बघतो तोच ढब्बूनं एका फटक्यात पाडले.

मुकादमाला हे लागलं हो. चाळीस वर्षांत त्याच्या थप्पीला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. एका हमालानं एकदा टेकून विडी ओढली, तर मुकादमानं त्याच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं होतं. आणि इथे ही हातभर कार्टी टाळ्या पिटतेय. त्यानं पुन्हा रचले. पुन्हा पाडले. सतरा वेळा. "शिकायची वृत्तीच नाही," असं तो भिंतीकडे बघून म्हणाला.

दहा वाजता फोन आला. पहिल्या रिंगला उचलला.

"काय करताय बाबा?"

"थप्पी पाडतोय."

"रडली का?"

"ती का रडेल? रडायची वेळ माझ्यावर आलीय."

प्राण्यांचं पुस्तक पाच मिनिटांत मिटलं, कारण त्यातल्या जिराफाचा आवाज काय हे मुकादमाला माहीत नव्हतं आणि ढब्बू पान उलटू देईना. मग राहिला एकच खेळ, वस्तू खोक्यात टाकणे. माळ्यावरून त्यानं मिक्सरचा जुना खोका काढला आणि ढब्बूपुढे ठेवला.

आणि इथे मुकादमाचा चेहरा उजळला. कारण ढब्बू घरभर रांगत जायची, एक वस्तू आणायची आणि मुकादमाच्या हातात द्यायची. मुकादम ती वर्तमानपत्रात गुंडाळायचा, कोपरे दुमडायचा, खोक्यात बसवायचा. ढब्बू आत वाकून बघायची, मान डोलवायची आणि पुढची वस्तू आणायला निघायची. चाळीस वर्षांत असा हमाल मिळाला नव्हता. तोंडातून शब्द नाही, विडी नाही, सुट्टी नाही.

"नग एक, पळी. नग दोन, मोजा. शाब्बास."

आता त्याच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, त्याशिवाय पुढचं पटायचं नाही. पॅकिंगवाला हातात आलेली वस्तू कोणती हे बघत नाही. ती कुठून फुटेल एवढंच बघतो. नजर वस्तूवर, मन कोपऱ्यावर, हात आपोआप. तर ढब्बूनं टेबलावरचा फोन आणून दिला. काच आहे, जपून. दोन पदर कागद. मग चष्मा दिला, त्याच्याच नाकावरून ओढून. काच आहे, जपून, तीन पदर. मग किल्ल्यांचा जुडगा. टोकदार आहे, मोज्यात घाल.

खोका भरला. भरलेला उघडा खोका समोर, टेपचा रोल कपाटात. तुम्हीच सांगा, काय होणार होतं?

टेप मारून झाल्यावर ढब्बूनं खोक्याला दोन्ही हात लावले आणि उभी राहिली. खोका सरकला तशी ती एक पाऊल पुढे. आणखी एक. आजवर नुसती रांगणारी पोर खोका ढकलत चालायला लागली, थेट दरवाजापर्यंत. मुकादम मागून म्हणतोय, "हळू, पायात घे, कंबरेतून नको," आणि डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात बेल वाजली. कुरिअरवाला.

"काका, परत न्यायचा खोका आहे ना?"

चष्मा खोक्यात, डोळ्यांत पाणी, आणि दाराशी एकच खोका दिसतोय. खरा खोका चपलांच्या स्टँडवर, वीतभर. तो धुरकट दिसला असेल तर चपलेसारखा दिसला असेल.

"हा घ्या."

कुरिअरवाल्यानं खोका उचलला, कानाशी हलवला, उलटा केला. "काका, पॅकिंग कुणाचं? आतून आवाजच नाही."

बस. एवढं ऐकल्यावर मुकादम खोकाच काय, फ्रीजसुद्धा देऊन बसला असता. त्यानं अंदाजानं सही ठोकली. ढब्बूनं टाटा केला.

अकरा वाजत आले तसा मुकादम पुढचा खेळ बघायला कागदाकडे गेला आणि चष्म्यासाठी नाक चाचपलं. नाकावर चष्मा नाही. टेबलावर चष्मा नाही. टेबलावर फोनही नाही. त्यानं बोटांवर नग मोजले, पळी, मोजा, आणि तिसऱ्या नगापाशी बोट थांबलं.

ढब्बूला काखेत मारून तो दाराकडे धावला. एक पाय आत, एक पाय बाहेर, कारण किल्लीही खोक्यात. खाली गाडी कधीच गेलेली. समोरच्या बिऱ्हाडाला कुलूप. आणि कुणाचा फोन मिळाला असता तरी सूनबाईचा नंबर कुणाला पाठ आहे? त्याला पाठ फक्त गोदामाचा.

"ढब्बू," तो म्हणाला, "आपण मेलो."

ढब्बूनं त्याचं नाक दाबलं.

आता तिकडचं ऐका. सूनबाईनं अकराला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. पुन्हा. पुन्हा. चौदा वेळा. मुलानं सगळ्यांच्या फोनमध्ये ते कोण कुठे आहे दाखवणारं बसवून दिलेलं. तिनं उघडलं, तर सासऱ्यांचा निळा ठिपका नदीच्या पुलावरून सुसाट निघालेला. पेट्रोल पंपावर थांबला. मग हमरस्त्याला लागला.

सासरा पोरीला घेऊन निघाला. पाळणाघराच्या रागानं. त्या माऊलीनं पर्स उचलली, भाड्याची गाडी धरली आणि ठिपक्याच्या मागे लागली. पाऊण तासानं ठिपका सापडला. चहाच्या टपरीपाशी कुरिअरची गाडी उभी आणि कुरिअरवाला पेल्यात बिस्किट बुडवतोय.

"माझे सासरे कुठे आहेत?"

"कोण सासरे, ताई?"

तिनं फोन लावला. गाडीतून, खोक्यांच्या पोटातून, बारीक रिंग वाजली.

"उघडा तो खोका."

"सीलबंद माल उघडता येत नाही."

"त्यात माझे सासरे आहेत."

कुरिअरवाल्यानं पावती बघितली. "ताई, हा पावणेदोन किलोचा आहे. तुमचे सासरे किती किलोचे?"

खोका उघडायला वीस मिनिटं लागली. पॅकिंग मुकादमाचं. ब्लेड मोडलं. आतून निघाली पळी, मोजा, फोन, चष्मा. सासरा नाही, पोर नाही. तिथे तिचा धीर सुटला. मग दोघं कुरिअरच्याच गाडीतून घराकडे.

आता घरात बघा. चष्म्याशिवाय मुकादमाला कागद वाचता येईना. तर त्यानं खेळणं सोडून दिलं आणि नुसता जमिनीवर आडवा पडला. झालं. ढब्बू त्याच्यावर चढली, पोटावर बसली, घसरली, पुन्हा चढली. त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. अर्धं चावलेलं बिस्किट त्याच्या तोंडात घातलं आणि तो चघळतोय की नाही ते तोंड उघडून तपासलं. दोन तास. कागदावर नसलेला खेळ.

दार उघडलं तेव्हा ढब्बू त्याच्या पोटावर झोपलेली आणि तो श्वास बेतानं घेत होता, ती हलू नये म्हणून.

सूनबाई दारातच खाली बसली. "मला वाटलं, तुम्ही तिला घेऊन गेलात."

"मी?" आवाज दाबून मुकादम भडकला. "मी पोर पळवीन? या गुडघ्यांनी? कुठे नेऊ, तिची दुधाची वेळसुद्धा मला माहीत नाही." मग त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. ती रडत होती. त्याचा राग तिथेच अडकला. "चुकलं माझं, पोरी," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून गोदामात कुणी ऐकलं नव्हतं.

कुरिअरवाला खाकरला. "मग माझा खोका कोणता?"

सूनबाईनं बुटांचा खोका दिला. मुकादमानं चष्मा लावून बघितला. "टेप अशी मारतात? दे इकडे." पडल्यापडल्या, पोटावर पोर तशीच, त्यानं तो पुन्हा बांधला.

सोमवारी ढब्बू पाळणाघरात गेली. तिची पिशवी मुकादमानंच भरली. पोचवायला तोच गेला. तिथल्या बाई म्हणाल्या, सवय होईपर्यंत आठवडाभर घरचं कुणी बसलं तरी चालेल. हा बसला. आज तीन महिने झाले, बसलेलाच आहे. बाईंनी उठवला नाही, कारण अकरा पोरं वस्तू आणून देतात आणि हा गुंडाळतो, ती सोडतात, हा पुन्हा गुंडाळतो. बाईंचा चहा गरम राहतो.

एवढं झालं तर तो खूश असायला हवा. पण नाही. बाईंना रोज पोराच्या वहीत लिहून पाठवायची सवय, आणि सूनबाई ती वही रोज मोठ्यानं वाचते. 'ढब्बूनं सगळं जेवण संपवलं, छान झोपली. आजोबा चेंडूवरून भांडले, दुपारी झोपायला कुरकुर केली, नंतर सर्वांत शेवटी उठले.'

या वाक्यावर तो अजून धुमसतोय. म्हणून एक मागणं आहे तुमच्याकडे. सकाळी नऊला तो नातीला कडेवर घेऊन इथून जाईल. खांद्याला दोन पिशव्या असतील, एक तिची, एक त्याची. नमस्कार करा, हवापाण्याचं विचारा, काय वाटेल ते बोला. पण त्याच्या पिशवीतून ती छोटी उशी बाहेर दिसतेय, हे कृपा करून त्याला सांगू नका.